दुसऱ्याचे दुःख जाणणारी तत्त्वज्ञ: संत एडिथ स्टाईन



सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हांला एडमंड हुसर्ल या जर्मन तत्त्ववेत्त्याचा अभ्यास होता. नाव, जन्म-मृत्यूची साले आणि त्यांनी मांडलेला विचार एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागत असे. ही प्राध्यापक मंडळी कशी जगली आणि त्यांना मरण कसे आले, हे आम्ही कधी विचारले नाही. पुढे एका संताचे चरित्र वाचताना हुसर्ल पुन्हा भेटले. ती संत म्हणजे त्यांचीच विद्यार्थिनी आणि सहायक, डॉ. एडिथ स्टाईन. ९ ऑगस्टला तिचा सण असतो. त्या निमित्ताने तिची ही ओळख.

एडिथचा जन्म १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाव शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे. त्या दिवशी योम किप्पूर हा ज्यू लोकांचा प्रायश्चित्ताचा मोठा सण होता. अकरा भावंडांत ती शेंडेफळ. त्यांतील चार लहानपणीच गेली होती. एडिथ दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा लाकडाचा व्यापार करणारे वडील अचानक वारले. आईने धंदा स्वतःच्या हाती घेतला आणि सात मुलांना वाढवले. आई मोठी श्रद्धाळू होती. पण एडिथने वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी जाणूनबुजून प्रार्थना करणे सोडून दिले. देव आहे असे तिला वाटेनासे झाले होते. सत्य मात्र तिला हवे होते, आणि ते आपण बुद्धीने शोधू असा तिला विश्वास होता.

१९१३ साली ती हुसर्ल यांच्याकडे शिकण्यासाठी गॉटिंगेन विद्यापीठात गेली. हुसर्ल सांगत की आधी ठरवलेली मते बाजूला ठेवा आणि समोरची गोष्ट जशी आहे तशी पाहा. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये एडिथने अभ्यास थांबवला आणि साथीच्या रोगांनी आजारी पडलेल्या सैनिकांच्या इस्पितळात परिचारिकेचे काम केले. परत येऊन १९१६ मध्ये तिने फ्रायबर्ग येथे डॉक्टरेट मिळवली. तिच्या प्रबंधाचा विषय होता समानुभूती.

हा विषय ऐकायला जड वाटतो, पण तो आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. शेजारच्या बाईचा मुलगा गेला, तर तिच्या काळजातली कळ आपल्या काळजात उठत नाही. तरीही तिचा चेहरा पाहताच तिचे दुःख आपल्याला कळते. त्यासाठी आपण हिशेब मांडत नाही की अंदाज बांधत नाही. हे कसे घडते? एडिथचे म्हणणे थोडक्यात असे, की दुसऱ्याचे दुःख त्याचेच राहते, ते आपले होत नाही. पण त्याच्याकडे वळून ते त्याचे म्हणून जाणून घेण्याची शक्ती माणसाला मिळालेली आहे. हे लिहिताना ती पंचविशीचीही नव्हती. तिच्या पुढल्या आयुष्याने याच प्रश्नाची परीक्षा घेतली.

पहिला घाव लवकरच बसला. हुसर्ल यांचे सहकारी आडोल्फ राईनाख यांनी एडिथला फार जिव्हाळ्याने शिकवले होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ते बेल्जियमच्या आघाडीवर मारले गेले. त्यांची कागदपत्रे लावण्यासाठी एडिथला त्यांच्या घरी जायचे होते आणि त्याची तिला धास्ती वाटत होती. तरुण विधवेचे सांत्वन कोणत्या शब्दांत करायचे? एवढे तत्त्वज्ञान शिकूनही तिच्याजवळ शब्द नव्हते. पण आन्ना राईनाख दुःखात असूनही खचल्या नव्हत्या. त्या पती-पत्नींनी आदल्याच वर्षी प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा घेतला होता. सांत्वन करायला गेलेल्या एडिथलाच तेथे धीर मिळाला. क्रूसाची आपली पहिली भेट त्या घरात झाली, असे ती पुढे सांगत असे.

पुढची काही वर्षे खटपटीत गेली. हुसर्ल यांची सहायक म्हणून तिने त्यांच्या लघुलिपीतील हजारो पाने वाचून लावली, आणि १९१८ मध्ये ते काम सोडले. प्राध्यापक होण्याची तिची पात्रता होती, पण ती स्त्री असल्यामुळे गॉटिंगेनने १९१९ मध्ये तिचा अर्ज पुढे जाऊ दिला नाही. तिने सरकारकडे दाद मागितली. स्त्री असणे हा अडथळा मानू नये असा निर्णय १९२० मध्ये निघाला, तरी तिला जागा मिळाली नाहीच. १९२१ च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीच्या घरी राहत असताना आविलाच्या संत तेरेजाचे आत्मचरित्र तिच्या हाती आले. रात्रभर जागून तिने ते संपवले, आणि तिचा शोध त्या रात्री थांबला. १ जानेवारी १९२२ रोजी तिने कॅथलिक ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला. ही बातमी ऐकून आई रडली. त्यानंतरही घरी गेल्यावर एडिथ आईबरोबर सिनेगॉगमध्ये जात असे.

पुढे आठ वर्षे ती स्पायर येथे डॉमिनिकन सिस्टरांच्या शाळेत शिकवत होती. संत थॉमस अक्वायनस यांच्या सत्यविषयक ग्रंथाचे तिने जर्मनमध्ये भाषांतर केले. १९३२ मध्ये म्युन्स्टर येथे तिला अध्यापनाची जागा मिळाली, पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू म्हणून तिला शिकवण्यास बंदी झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने पोप अकरावे पायस यांना पत्र लिहून ज्यू लोकांच्या छळाविरुद्ध ख्रिस्तसभेने बोलावे अशी कळकळीची विनंती केली. मौन पाळणाऱ्यांवरही या छळाची जबाबदारी येते, असे तिने त्यात बजावले होते. त्या पत्रावरून तेव्हा कोणतेही जाहीर निवेदन निघाले नाही. ते पत्र जगासमोर आले २००३ मध्ये. आपण ख्रिस्तसभेची लेकरे म्हणून हेही सांगितले पाहिजे.

ऑक्टोबर १९३३ मध्ये एडिथ कोलोन येथील कार्मेल मठात दाखल झाली आणि तिचे नाव क्रूसाची तेरेजा बेनेडिक्ता असे झाले. आईला हा निरोप फार जड गेला. १९३६ मध्ये आई वारली. २१ एप्रिल १९३८ रोजी एडिथने मठात अखेरची व्रते घेतली, आणि सहाच दिवसांनी तिचे वृद्ध गुरू हुसर्ल फ्रायबर्ग येथे निवर्तले. तेही जन्माने ज्यू होते आणि तरुणपणी प्रॉटेस्टंट झाले होते. नाझी राजवटीत त्यांच्या विद्यापीठाने त्यांना दूर लोटले होते. बहुतेक सहकारी त्यांच्या अंत्यविधीकडे फिरकलेही नाहीत. त्यांची सुमारे ४०,००० पाने नष्ट होण्याची भीती होती. फादर व्हान ब्रेडा या बेल्जियमच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने ती जर्मनीबाहेर काढून लुव्हेन विद्यापीठात सुखरूप नेली. आम्ही परीक्षेसाठी ज्या हुसर्लचे विचार पाठ केले, त्यांच्या लेखनामागे ही सारी कथा होती.

डिसेंबर १९३८ च्या अखेरीस एडिथला हॉलंडमधील एख्त येथील मठात हलवण्यात आले. तिची बहीण रोझाही कॅथलिक झाली होती. तीही पुढे तेथे आली. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर एडिथला स्वित्झर्लंडच्या एका मठात पाठवण्याची खटपट सुरू झाली. पण रोझाला मागे ठेवून एकटीने जाणे तिला मान्य नव्हते. २६ जुलै १९४२ रोजी, रविवारच्या मिस्सांत, हॉलंडच्या बिशपांचे ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारे पत्र वाचले गेले. नाझींनी त्याचा सूड उगवला. पुढच्याच रविवारी, २ ऑगस्टला, कॅथलिक झालेल्या ज्यूंची धरपकड झाली. दोघी बहिणींना मठातून नेण्यात आले.

वेस्टरबॉर्कच्या छावणीत अनेक आया धक्क्याने सुन्न होऊन बसल्या होत्या. त्यांना आपल्या मुलांकडे पाहण्याचेही भान नव्हते. तेथून वाचलेल्या लोकांनी पुढे सांगितले, की सिस्टर बेनेडिक्ता त्या मुलांना जवळ घेत होती, धूत-पुसत होती, त्यांचे केस विंचरत होती, त्यांना भरवत होती. ७ ऑगस्टला त्यांची आगगाडी निघाली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी आउश्वित्झ येथील विषारी वायूच्या कोठडीत एडिथ व रोझा यांना मारण्यात आले. एडिथ पन्नास वर्षांची होती. तिची कबर कोठेही नाही.

स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक राहिलेले पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ ऑक्टोबर १९९८ रोजी तिला संतपद दिले. त्या वेळी अनेक ज्यू बांधवांना वाईट वाटले. ती ज्यू होती म्हणून मारली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरेच आहे. सुमारे साठ लाख ज्यूंबरोबर तिचे मरण जोडलेले आहे आणि आपण तिचा सण साजरा करताना त्यांना विसरता कामा नये.

मयताच्या घरी जाताना आम्हांला आजही धास्ती वाटते. धर्मगुरू म्हणून लोक आमच्या तोंडाकडे पाहतात आणि काय बोलावे ते सुचत नाही. मग आम्हांला राईनाखांच्या दारात उभी असलेली तरुण एडिथ आठवते, आणि पंचवीस वर्षांनंतर छावणीत एका परक्या मुलाचे केस विंचरणारी सिस्टर बेनेडिक्ताही आठवते. तिने जे प्रबंधात लिहिले, तेच तिने तेथे हातांनी केले. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, जेथे दुःखामुळे चूल पेटत नाही आणि मुलांकडे बघायला कोणी नसते. तेथे शब्द सापडेपर्यंत थांबू नये. जाऊन मुलांना भरवावे, घरातले चार काम करावे, आणि जवळ बसावे.

संत तेरेजा बेनेडिक्ता, आम्हांसाठी विनंती कर.

आपले धर्मगुरू