आपल्या मातीतला सैनिक : हुतात्मा बाबू गेनू



स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा आपल्या बॅचच्या आठवणी बाकीचे लिहितीलच, असा विचार करून मी आपल्या भागातल्या एका माणसाविषयी लिहायचे ठरवले. शाळेत असताना आपल्याला त्यांचे नाव आणि १२ डिसेंबर ही तारीख पाठ होती. एक मार्क हमखास मिळायचा. त्यापलीकडे मीही फारसे पाहिले नव्हते.

बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ मध्ये आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण जवळजवळ नाहीच. आपल्याकडची असंख्य पोरे पोटासाठी मुंबईला गेली, तसेच तेही गेले आणि कापड गिरणीत कामगार झाले.

१९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला आणि ते काँग्रेसचे स्वयंसेवक झाले. त्यांच्या पथकाला तानाजीचे नाव होते. शिवनेरीच्या परिसरात वाढलेल्या आपल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मात्र या सैन्यात शस्त्र नव्हते, पगार नव्हता, पेन्शन तर नव्हतीच. हातावर पोट असलेल्या गिरणी कामगाराने खाडा केला की तेवढी मजुरी बुडायची, आणि तुरुंगात गेला तर नोकरीच धोक्यात यायची. हे ठाऊक असूनही ते उतरले.

१२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात पोलिसांच्या संरक्षणात विलायती कापडाचा ट्रक निघाला. स्वयंसेवक वाट अडवू लागले. बाबू गेनू ट्रकपुढे आले, पण हटले नाहीत. हिंदी चालकाने गाडी पुढे नेण्यास नकार दिला आणि गोऱ्या अंमलदाराने स्वतः चाक हाती घेतले, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सरकारने मात्र हा अपघात ठरवला. बाबू गेनू त्याच दिवशी गेले. वय अवघे २२. त्यांची सैनिकी एक वर्षाचीही भरली नाही.

मला राहून राहून तो अपघात हा शब्द खटकतो. समोर माणूस उभा आहे हे दिसत असताना गाडी पुढे गेली, तर त्याला अपघात कसे म्हणायचे? सरकारी कागदावर काहीही असो, लोकांनी आपला निकाल दिला आणि त्यांना हुतात्मा मानले. ज्या भागात ते पडले, तिथल्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयालाही हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. आंबेगाव-जुन्नरच्या शेतांना त्याचे पाणी मिळते. आपल्यातल्या कितीतरी जणांची शिक्षणे त्याच बागायतीवर झाली. त्याच पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, हेही विसरायला नको.

पुढच्या १२ डिसेंबरला आपापल्या मुलांना तारखेबरोबर ही गोष्टही सांगूया. जमल्यास त्यांना महाळुंग्याला घेऊन जाऊया.