एक्सप्लेनर : धोतराची गाठ, चुट्टा आणि कॅन्सर, कोण होते डॉ. वसंत खानोलकर?

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा’ हे शब्द दिसले की घरचे गांगरतात. अर्थ असा : गाठीतल्या पेशी इतक्या बदलल्यात की मूळ अवयवाच्या पेशींशी त्यांचं साम्यच उरलेलं नाही. पेशींची ही ओळखपरेड भारतात ज्यांनी शास्त्र म्हणून उभी केली, ते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म १८९५ चा, क्वेट्ट्यातला. घराणं गोमंतकीय. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी करून ते मुंबईत परतले, ग्रँट मेडिकल आणि नंतर जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा व संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्यांचं खरं वेगळेपण इथून पुढे दिसतं. स्लाइड पाहून ते थांबत नसत. पेशंट काय खातो, काय ओढतो, काय नेसतो हेही बघत. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत सवयींशी जोडलेले तीन कॅन्सर जगासमोर मांडले. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळल्याने कमरेच्या कातडीला होणारा. आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा. आणि बिहारात ओठाआड खैनी धरणाऱ्यांचा. गायछाप मळणाऱ्या आपल्या भागाला हा शेवटचा नव्याने समजावायची गरज नाही.

१९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, संचालक तेच. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएचडी केली आणि पुढे कॅन्सर संशोधनात मोठं नाव कमावलं. कुष्ठरोगावरही खानोलकरांनी मोलाचं काम केलं. १९६० ते ६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या काळी हाताशी मुख्यतः मायक्रोस्कोप आणि रंगद्रव्यं. आज अशा अनोळखी गाठीवर ‘आयएचसी’ तपासणी होते. केराटिन पॉझिटिव्ह आलं तर कल कार्सिनोमाकडे, एलसीए आलं तर लिम्फोमाकडे, एस-१०० आलं तर मेलॅनोमाचा संशय. हा फरक कागदी नाही. लिम्फोमाचे अनेक प्रकार केमोथेरपीने बरे होतात; तोच चुकून कार्सिनोमा समजला गेला तर औषधही चुकतं. कार्सिनोमाच निघाला, तर सीटी किंवा पेट स्कॅन करून मूळ जागा शोधतात आणि मग सर्जरी, रेडिएशन की केमो हे ठरतं.

कोल्हापुरातून दुसऱ्या मतासाठी मुंबई-पुण्याला निघताना लोक जाडजूड फाइल घेतात, पण मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबमध्येच राहतात. आयएचसी त्या ब्लॉकवरच होते. तो पेशंटला मागून घेता येतो. लॅबमध्ये अर्ज द्यावा लागतो, एवढंच.