प्लेगची लस

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून कधी मुंबईला गेलात, तर परळची हाफकिन संस्था अवश्य पाहा.

१८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. युक्रेनमधील ओडेसा शहरात जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे तीन महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. केवढी ही हिंमत! ताप आला, अंग दुखले. पण ते बरे झाले. लोक मात्र सुईला घाबरत. आगाखान यांनी स्वतः लस घेतली, तेव्हा हजारो खोजा बांधव पुढे आले.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केले. खरे तर बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करता वापरला गेला होता. १९०७ साली ते निर्दोष ठरले. संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.