विहिरीला पाणी हवं, तर आधी ताली घाला: जोतीराव फुले यांचा १८८३ चा विचार

महात्मा फुले म्हटलं की भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते, सत्यशोधक समाज आठवतो. पण शेतातली माती वाहून जाणं आणि विहीर आटणं ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते फारसं सांगितलं जात नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणं मूळचं सातारा भागातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. माळ्याच्या घरातल्या मुलाला वाफा, पाट आणि मोट वेगळी शिकवावी लागत नाही. १८६८ मध्ये त्यांनी घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. पाणी कुणाचं, हा प्रश्न त्यांनी आपल्या अंगणापासून सोडवायला घेतला होता.

पोटासाठी मात्र ते ठेकेदार होते. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवलं. धरणाचा कालवा हडपसर-मांजरीकडे आला, तेव्हा त्यांनी मांजरीत जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत केली. म्हणजे धरण बांधणारे साहेब त्यांनी जवळून पाहिले आणि पाण्याची वाट बघत बसलेला शेतकरीही. पाणीपट्टी चोख घ्यायची आणि पाणी मात्र वेळेवर द्यायचं नाही, ही कालवे खात्याची तऱ्हा त्यांना चांगलीच ठाऊक होती. मधल्या काळात १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला. त्यात त्यांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं.

हे सगळं ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात उतरलं. जुलै १८८३ मध्ये ते लिहून पूर्ण झालं. त्यातला उपायांचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. सरकारने पोलीस आणि पलटणीतल्या रिकाम्या माणसांकडून जागोजागी ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, पण अशा बेताने की पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मगच ओढ्या-नदीला मिळेल. पाणाड्यांकडून जमिनीतल्या पाण्याच्या जागा शोधाव्यात. विहीर खणणाऱ्याला बक्षीस द्यावं. नदी-तलावातला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा फुकट नेऊ द्यावा. कालव्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून जमिनीच्या मानाने प्रत्येकाला तोटी बसवून द्यावी.

यात ‘आधी’ आणि ‘मग’ या शब्दांना फार महत्त्व आहे. दख्खनचा खडक हा थरांचा काळा पाषाण. त्याच्या पोटात पाण्याला फार जागा नसते. पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या कुजलेल्या खडकात, मुरमात आणि भेगांमध्ये. त्यावरच आपल्या उघड्या विहिरी चालतात. उतारावर पडलेला जोराचा पाऊस थोड्या वेळात ओढ्याला लागतो आणि जाताना सुपीक थर घेऊन जातो. ताल त्याला अडवते, वेग मोडते. थांबलेलं पाणी आधी मातीची तहान भागवतं, उरलेलं मुरमात उतरतं आणि हळूहळू खालच्या अंगाच्या विहिरीत दिसू लागतं. बऱ्याचदा ही विहीर शेजाऱ्याची असते! त्यामुळे हे काम एकट्याने करून भागत नाही. बहुधा म्हणूनच जोतीरावांनी ते सरकारच्या गळ्यात घातलं.

सगळीकडे हिशेब सारखा नसतो, हेही खरं. खोल चिकण काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, मुरमाड माळावर भराभर. बंधाऱ्याच्या तळाशी बारीक गाळ बसला की मुरणं मंदावतं. जोतीरावांना गाळ हवा होता तो खतासाठी, पण तो काढल्याने तळ मोकळा होतो, हा फायदा वेगळाच. एक गोष्ट मात्र त्यांच्या काळात प्रश्न म्हणून उभीच नव्हती. तेव्हा पाणी मोटेने निघायचं. बैल थकले की उपसा थांबायचा. विजेचा पंप थकत नाही. त्यामुळे आज तालींनी जिरवलेलं पाणी बोअरवेलचा उपसा एका उन्हाळ्यात संपवू शकतो.

‘असूडा’चे पहिले दोन भाग नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’त छापून आले आणि मग छपाई थांबली. जोतीराव त्यावर चिडले. हस्तलिखित घेऊन ते गावोगाव वाचून दाखवत राहिले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकलं. १८८८ मध्ये पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तरी डाव्या हाताने लिहिणं चालूच होतं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, तोवर हे पुस्तक संपूर्ण छापून आलेलं नव्हतं.

शेतांना समतल बांध घालण्याचं काम मुंबई प्रांतात कायद्याने सरकारकडे आलं ते १९४२ मध्ये, म्हणजे ‘असूड’ लिहून झाल्यावर ५९ वर्षांनी.