सर आर्थर कॉटन

त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश आज भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र तेथे कधी महापूर, तर कधी दुष्काळ ठरलेला असे. शेजारून एवढी मोठी नदी वाहत असूनही काठावरची माणसे अन्नावाचून मरत. हे चित्र पालटण्यात सर आर्थर कॉटन या अभियंत्याचा मोठा वाटा होता.

कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. १८२१ साली ते मद्रास इलाख्यात आले. कावेरी नदीवर काम करताना त्यांनी कल्लणै या प्राचीन बंधाऱ्याचा बारकाईने अभ्यास केला. नदीच्या तळाशी खडक नसतानाही तो बंधारा शतकानुशतके टिकून होता. खोल वाळूत दगड टाकत गेले, की ते रुतून अखेरीस स्थिर होतात आणि त्यांवर बांधकाम उभे राहते, हे तंत्र त्यांनी त्यातून आत्मसात केले. आपण हे या देशातील जुन्या कारागिरांकडून शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

हेच तंत्र त्यांनी गोदावरीवर वापरले. राजमहेंद्रीजवळील धवळेश्वरम येथे १८४७ साली बंधाऱ्याचे काम सुरू झाले. मध्यंतरी आजारपणामुळे त्यांना रजेवर जावे लागले. तरीही १८५२ साली काम पूर्ण झाले. बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांनी शेतांना पाणी दिले आणि त्यांतून मालाच्या नावाही चालू लागल्या. दुष्काळाचा प्रदेश धान्याचे कोठार बनला.

निवृत्तीनंतरही कॉटन स्वस्थ बसले नाहीत. भारताला रेल्वेपेक्षा कालव्यांची गरज अधिक आहे, हे मत त्यांनी इंग्लंडमध्ये आग्रहाने मांडले. त्यावर टीकाही झाली. पण ते डगमगले नाहीत. २४ जुलै १८९९ रोजी त्यांचे निधन झाले.

विसाव्या शतकात जुन्या बंधाऱ्याच्या जागी नवे धरण उभे राहिले. त्याला कॉटन यांचेच नाव देण्यात आले. रस्ते वाढल्यावर नावांची वाहतूक ओसरली. परंतु कालव्यांचे पाणी आजही शेतांत खेळते. धवळेश्वरम येथे त्यांच्या कार्याचे संग्रहालय आहे आणि गोदावरीकाठच्या अनेक गावांत त्यांचे पुतळे आहेत. परक्या सत्तेच्या या अधिकाऱ्याचे स्मरण तेथील शेतकरी आजही कृतज्ञतेने करतात.