गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

आयुष्यात काय साधावयाचे हे काहीजण आधी ठरवितात आणि मग पाऊल टाकतात. काहींना ते एखाद्या आघातानंतरच उमगते. कै. विष्णु दिगंबर हे दुसऱ्या वर्गातले.

त्यांचा जन्म कुरुंदवाड येथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. देवळाच्या सावलीत वाढणाऱ्या मुलाला पुढे काय व्हावयाचे हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. वडिलांच्या हातच्या चिपळ्या एके दिवशी आपल्या हाती येणार, हे घरात गृहीतच असते. (हे मी थोड्याफार अनुभवाने लिहितो.) परंतु बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली आणि शाळेचा मार्ग खुंटला. गायन त्यांनी निवडले असे म्हणण्यापेक्षा दुसरे काही उरले नाही म्हणून ते गायनाकडे वळले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. बुवांनी ही विद्या आपल्याच मध्य प्रदेशातील ग्वाल्हेरहून दक्षिणेत नेली होती. शिष्याला संस्थानिकांचा आश्रय होता. तेव्हा पुढील आयुष्य सुखाने गेले असते. पण एका समारंभाचे आमंत्रण विष्णुबुवांना आले आणि त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण विचारता, ते केवळ गवई आहेत, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. ज्यांच्यापाशी बसून विद्या घेतली, त्यांची समाजातली पायरी ही! येथे त्यांचे ध्येय ठरले. स्वतः थोर गवई होणे हे ते ध्येय नव्हे, तर गवयाला प्रतिष्ठित माणसाचे स्थान मिळवून देणे हे होते.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा अशी भ्रमंती करीत ते पंजाबात पोचले. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर न राहता तिकीट लावून जाहीर गायन करण्याची प्रथा त्यांनी पाडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. राजाश्रयावाचून, लोकांच्या वर्गणीवर चालणारी संगीतशाळा त्या काळी नवलाचीच होती. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली. निवडक शिष्यांना ते घरच्या मुलांसारखे सांभाळीत व विनाशुल्क शिकवीत.

याच काळात पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे कार्य निराळ्या रीतीने चालले होते. हे बारा वर्षांनी वडील. आधी वकिली करून चरितार्थाची सोय लावली, प्रवास करून चिजा जमविल्या, ग्रंथ लिहिले, आणि मग १९१८ साली ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयास आकार दिला. त्यांचे प्रत्येक पाऊल हिशेबाचे. संसारी माणसाला हाच मार्ग मानवेल, असे मला वाटते. विष्णु दिगंबरांनी हिशेब मांडलाच नाही. मुंबईच्या इमारतीसाठी कर्ज काढले, ते फिटेना. अखेर सावकारांनी जप्ती आणली आणि उभ्या आयुष्याची मिळकत लिलावात गेली. घरातही दुःखाला सीमा नव्हती. अनेक अपत्ये बालपणीच गेली. १९२१ साली जन्मलेले दत्तात्रेय तेवढे पुढे गायक म्हणून नावारूपास आले, तेही १९५५ साली अकालीच गेले.

या पडझडीत बुवा रामनामाकडे वळले. १९२२ साली नाशिकास त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापिला. आपल्या देवळात एकादशीला ज्या चालीवर रामधून म्हटली जाते, ती त्यांनी लोकप्रिय केली, आणि १९३० च्या दांडीयात्रेत ती गावोगाव पोचली. काहींच्या मते येथे त्यांचे मूळ ध्येय सुटले. मला तसे वाटत नाही. कीर्तनकाराचा मुलगा घरी परतला, इतकेच.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. मागे पैसा नव्हता, इमारत नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यांनी अहमदाबादेस एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे सारे त्यांचेच शिष्य. त्या मंडळाच्या परीक्षांना आजही देशभरातील मुले बसतात.