प्रा. मधु दंडवते : कामगाराकडे पाहण्याची दृष्टी

अहमदनगर येथे 21 जानेवारी 1924 रोजी जन्मलेले मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. 1971 साली ते आपल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले व तेथून एकूण सलग पाच वेळा निवडून आले.

मे 1974 मध्ये देशभर रेल्वे कामगारांचा संप झाला. वीस दिवसांत तो मागे घ्यावा लागला आणि हजारो कामगार बडतर्फ झाले. आणीबाणीत दंडवत्यांनीही तुरुंगवास भोगला. 1977 साली रेल्वेमंत्री होताच त्यांनी त्या कामगारांना पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्याही त्यांच्याच काळात. कोकण रेल्वेसाठी ते अखंड झटले; 26 जानेवारी 1998 रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली. 12 नोव्हेंबर 2005 रोजी ते गेले.

वाहतूक कामगारांच्या छायाचित्रस्पर्धेत परीक्षकाने काय पाहावे, याचे उत्तर मला या चरित्रात सापडते. मालवण स्टँडवरचा ड्रायव्हर, कुडाळजवळ रूळ तपासणारा गँगमन, किल्ल्यावर प्रवासी नेणारा होडीवाला : यांच्यामागचा सूर्यास्त सुंदर दिसेलच. पण ज्या चित्राकडे पाहून त्या माणसाची ड्यूटी किती तासांची, पगार किती, हे विचारावेसे वाटेल, त्यालाच पहिले बक्षीस द्यावे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझी फी वडिलांच्या कंडक्टरकीच्या पगारातून भरली जाते.